पाच गेले, तरी यंदा आपलीच हवा!

२०२४च्या सप्टेंबरमध्ये मुंबई सिटी एफसीच्या कुठल्याही फॅनला ‘यंदा काय म्हणतेय टीम?’ असं विचारून बघायचं. आधी एक सुस्कारा येईल, मग नावांची यादी. भेके गेला, डियाझ गेला, नोगेरा गेला, अपुइया गेला. त्याआधी जानेवारीतच स्ट्युअर्ट गेला होता. यादी संपली की खांदे उडवून ‘बघू आता’. मे महिन्यात ज्या टीमने कप उचलला, तिच्या फॅनचा चार महिन्यांनंतरचा हा चेहरा होता!

शुक्रवारी, १३ सप्टेंबर २०२४ला, इंडियन सुपर लीगचा म्हणजे आपल्या आयएसएलचा नवा सीझन सुरू झाला. पहिलीच मॅच मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर. आदल्याच दिवशी गौरी-गणपतींचं विसर्जन झालेलं होतं. लालबाग-परळमध्ये रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, गिरगावात मंडळांची धावपळ चालू होती. अशा गडबडीत फुटबॉलची आठवण कुणाला राहणार, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं, त्या वर्षी आठवण ठेवायला हवी होती. कारण एवढ्या रडारडीनंतरही या टीमकडून आशा ठेवायला भरपूर कारणं होती. ती नुसती भावनिक नव्हती, कागदावर मांडून दाखवता येतील अशी होती. मी ती मांडते. पटली नाहीत तर खुशाल भांडा.

तक्रार खरी आहे

आधी समोरच्याची बाजू नीट ऐकून घेऊ. गेलेले पाच जण साधेसुधे नव्हते. राहुल भेके तर कॅप्टन होता, आणि मुख्य म्हणजे मुंबईचा मुलगा. ४ मे रोजी सॉल्ट लेकवर त्याच्याच हातात कप आला होता. होर्हे परेरा डियाझने त्या फायनलमध्ये बरोबरीचा गोल केला होता. अल्बर्टो नोगेरा म्हणजे मिडफिल्डमधला डोकेबाज माणूस. हे तिघंही एकाच ठिकाणी गेले, बेंगळुरूला. भेकेसाठी तर ते जुनंच घर. २०१९च्या फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमला गोल करून त्यानेच बेंगळुरूला चॅम्पियन केलं होतं. आणि ती फायनल झाली होती आपल्या अंधेरीच्या मैदानावर!

अपुइया गेला थेट मोहन बागानकडे. आपल्याकडून स्कॉटलंडला परतलेला ग्रेग स्ट्युअर्टही फिरून तिथेच उतरला. शिवाय बागानने जेमी मॅकलॅरनला आणलं. ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू. तो आधी ज्या मेलबर्न सिटीकडून खेळायचा, तो क्लब आणि आपली मुंबई सिटी तेव्हा एकाच मालकाच्या होत्या. घरचंच माणूस समोरच्या पंगतीला जाऊन बसलंय म्हणा ना!

जुन्या फॅनना आणखी एक भीती आहे, ती २०२१ची. त्या वर्षी सर्जिओ लोबेराच्या टीमने शील्ड आणि कप दोन्ही जिंकलं होतं. टेबलमध्ये पहिला नंबर आला की शील्ड मिळते आणि प्लेऑफ खेळून फायनल जिंकली की कप. लोबेराच्या पोरांनी एकाच सीझनमध्ये दोन्ही घरी आणलं. मग काय झालं? कॅप्टन अमरिंदर सिंग गेला, ह्युगो बुमू गेला, ओग्बेचे गेला आणि नवा सीझन तोंडावर असताना खुद्द लोबेराही गेला. पुढच्या सीझनमध्ये आपण पाचवे. प्लेऑफला चार टीम जायच्या, म्हणजे बाहेर. ‘चॅम्पियन झालो की टीम फुटते आणि पुढचं वर्ष वाया जातं’ ही भीती तिथून आली आहे. ती खोटी नाही. पण तेव्हाची गोष्ट आणि आत्ताची गोष्ट एक आहे का, हे तरी तपासून बघू.

कोच जागेवर होता

पहिला फरक इथेच आहे. २०२१मध्ये खेळाडूंबरोबर कोचही गेला होता. डेस बकिंगहॅमला नवी पोरं घेऊन, नवी पद्धत बसवायला वेळच मिळाला नाही. २०२४मध्ये पीटर क्रॅटकी होते, तिथेच होते.

क्रॅटकी आले तेव्हाची परिस्थिती आठवा. २०२३चा नोव्हेंबर. बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले, सीझन अर्ध्यावर. डिसेंबरमध्ये क्रॅटकी आले आणि महिना संपायच्या आत त्यांच्यासमोर ती गाजलेली मॅच आली. २० डिसेंबर, अंधेरी, समोर मोहन बागान आणि एकाच मॅचमध्ये सात लाल कार्डं! त्यातली चार आपली होती. तरी आपण २-१ जिंकलो. जानेवारीत स्ट्युअर्ट गेला. म्हणजे कोच नवा, हुकमाचा एक्का गायब, महत्त्वाचे खेळाडू बंदीमुळे बाहेर. अशा टीमकडून कुणी काय अपेक्षा केली असती?

त्या टीमने लीगच्या शेवटच्या दिवसापर्यंत पहिला नंबर धरून ठेवला. १५ एप्रिलला सॉल्ट लेकवर नुसती बरोबरी केली असती तरी शील्ड आपली होती. २-१ हरलो, एका पॉइंटने शील्ड गेली. आणि बरोबर १९ दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच बागानसमोर, साठ हजारांवर प्रेक्षक विरोधात ओरडत असताना, आधी एक गोल खाऊन आपण फायनल ३-१ जिंकली.

आता मला सांगा, ज्या माणसाने चालत्या गाडीत चढून, दुसऱ्याने निवडलेल्या खेळाडूंना घेऊन एवढं केलं, त्याला २०२४मध्ये पहिल्यांदाच सीझनच्या आधीचा पूर्ण तयारीचा काळ मिळाला होता. कुणाला घ्यायचं, कसं खेळायचं, हे ठरवायला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मिळाला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून फर्स्ट क्लास काढणारा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेलच. त्याने यंदा जूनपासून अभ्यास केलाय, असं समजा.

गोल कुणी केले होते?

दुसरं कारण आकड्यांचं. ‘गोल करणारे गेले’ असं सगळे म्हणतात, म्हणून मी प्लेऑफचा हिशोब करून बघितला. सेमीफायनलच्या दोन मॅच आणि फायनल धरून मुंबई सिटीने आठ गोल केले. छांगतेचे तीन, डियाझचे दोन, विक्रम प्रताप सिंगचा एक, बिपिन सिंगचा एक आणि याकुब वोयतूसचा एक. डियाझ आणि वोयतूस २०२४च्या नव्या सीझनला नव्हते. बाकी राहिले आठपैकी पाच. हे पाचही गोल ज्यांनी केले ते तिघं भारतीय आहेत आणि तिघंही त्या नव्या सीझनला आकाशी जर्सीतच होते.

यातल्या तीन गोलांबद्दल तर बोललंच पाहिजे. २४ एप्रिल, गोवा, सेमीफायनलचा पहिला लेग. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० मागे. कित्येकांनी तोवर टीव्ही बंद केला होता. मग छांगते, लगेच विक्रम प्रताप आणि भरपाईच्या वेळेत पुन्हा छांगते. दहाएक मिनिटांच्या आत ३-२! गोव्याच्या स्टेडियमवर सामसूम. आयएसएलच्या दहा वर्षांत असं शेवटच्या क्षणी उलटलेलं पान क्वचितच दिसलं असेल.

लालियानझुआला छांगते हा तेव्हा भारतातला सगळ्यात भारी विंगर होता, हे वेगळं सांगायला नको. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने सलग दोनदा मिळवलाय. सुनील छेत्री २०२४च्या जूनमध्ये निवृत्त झाला आणि पाचच दिवसांनी कतारमध्ये वर्ल्ड कप पात्रता फेरीच्या मॅचमध्ये भारताचा गोल केला तो छांगतेनेच. पुढे कतारने बाहेर गेलेला बॉल आत ओढून बरोबरी साधली आणि आपलं स्वप्न तिथेच संपलं, तो राग वेगळा. विक्रम प्रताप सिंग २०२३-२४च्या सीझनचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. गोलकीपर फुर्बा लाचेनपाने नऊ मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही आणि गोल्डन ग्लोव्ह घरी नेला. बचावात तिरी आणि मेहताब सिंग होते, मधे डच खेळाडू योएल व्हॅन निफ होता.

म्हणजे गोलकीपर, सेंटरबॅक, मिडफिल्डचा खांब आणि दोन्ही विंगर, हा सांगाडा शाबूत होता. गेलं ते नऊ नंबरचं आणि मधल्या फळीतलं कौशल्य. हे नुकसान मोठं होतं, पण ‘टीम फुटली’ म्हणावं एवढं नव्हतं.

नवे भिडू

रिकाम्या जागांवर कोण आलं? सगळ्यात मोठं नाव ब्रँडन फर्नांडिस. गोव्याचा लाडका, सात वर्षं एफसी गोव्याचा. वर सांगितलेल्या त्या सेमीफायनलमध्ये आपल्याला २-० मागे टाकणारा दुसरा गोल याच ब्रँडनचा होता! २०२४च्या नव्या सीझनला तो आपल्याकडे आला. छांगतेच्या धावेला बघून अचूक पास टाकणारा माणूस हवा होता, तो मिळाला. राष्ट्रीय संघात दोघं एकत्र खेळलेत, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नाही.

पुढे ग्रीसचा निकोस कारेलिस होता, डियाझची जागा घ्यायला. मिडफिल्डला जमशेदपूरकडून आलेला फ्रेंच जेरेमी मँझोरो आणि स्पेनचा जॉन टोराल. आर्सेनलच्या फॅननी कान टवकारा. टोराल बार्सिलोना आणि आर्सेनल या दोन्हींच्या अकादमीत तयार झालेला आहे.

हे सगळे चालतील का? परदेशी खेळाडू म्हणजे आंब्याची पेटी, उघडल्याशिवाय कळत नाही. कारेलिसचा फिटनेस आणि इथली दमट हवा यांचं कसं जमतं, हे बघावं लागणार होतं. पण या क्लबचाच इतिहास सांगतो की मोठ्या नावांनी कप येत नाहीत. २०१४मध्ये पहिल्याच सीझनला आपल्याकडे निकोलस अनेल्का आणि फ्रेडरिक ल्युंगबर्ग होते. आठ टीममध्ये आपण सातवे! २०१६मध्ये दिएगो फोरलान आला, टेबलमध्ये पहिले आलो, पण सेमीफायनलला घरी. कपाटात पहिली ट्रॉफी आली ती २०२१मध्ये, आणि त्या वर्षीची फायनल ९०व्या मिनिटाला जिंकून दिली ती मणिपूरच्या बिपिन सिंगने. तोच बिपिन जो २०२४च्या मेमध्ये पुन्हा फायनलमध्ये गोल करून गेला. पोस्टरवरचा चेहरा आणि कामाचा माणूस हे दोन वेगळे असू शकतात, एवढं तरी मुंबई सिटीच्या फॅनला कळायला हवं.

यंदा पासपोर्ट कपाटात

चौथं कारण फारसं कुणी बोलत नाही, पण मला ते खूप महत्त्वाचं वाटतं. २०२४-२५मध्ये मुंबई सिटी आशियाई स्पर्धेत नव्हती.

ऐकायला वाईट वाटतं. २०२२मध्ये रियाधला जाऊन इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवणारी, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय टीम आपलीच होती. (आणि हे त्या तथाकथित ‘वाया गेलेल्या’ सीझननंतर एका महिन्यात, बरं का!) २०२३मध्ये तर नेमारच्या अल हिलालबरोबर एका गटात आलो. नेमार दुखापतीमुळे आलाच नाही, तरी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जत्रा भरली होती.

पण किंमत काय मोजली? सहापैकी सहा मॅच हरलो. घरची मॅच खेळायला कधी पुण्याला बालेवाडीला, कधी नेरुळला. मधेच इराण, उझबेकिस्तान, सौदीच्या फेऱ्या. त्यातच कोच गेला. तरीही शील्ड एका पॉइंटने हुकली. त्या दमछाकीत एखादा पॉइंट कुठे सांडला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

२०२४-२५च्या लीगमध्ये १३ टीम होत्या, प्रत्येकीला २४ मॅच. मोहमेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून वर आल्यामुळे कोलकात्याच्याच तीन टीम झाल्या. आपल्याला या २४ मॅचवर पूर्ण लक्ष देता येणार होतं. आशियाची वारी त्या वर्षी मोहन बागानच्या वाट्याला होती. आपल्याशी खेळून पाच दिवसांत त्यांना पुन्हा आशियाई मॅचसाठी उभं राहायचं होतं. मॅकलॅरन, स्ट्युअर्ट, अपुइया सगळे घेतले तरी पाय दोनच असतात.

आपली मैदानं, आपले क्लब

आता थोडं तुमच्या-माझ्याबद्दल. परळ, दादर, लालबाग, गिरगावातल्या कॉलेजच्या मुलांना फुटबॉल आवडत नाही, असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. रात्री दीडला संपणाऱ्या मॅच बघून सकाळी सातच्या लेक्चरला डुलक्या काढणारे आपणच. आर्सेनलची जर्सी, लिव्हरपूलचा स्कार्फ, मँचेस्टर सिटीचा डीपी. मुंबई सिटीचे ६५ टक्के शेअर २०१९मध्ये ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले, मँचेस्टर सिटी त्याचाच क्लब आहे. म्हणजे मोठ्या भावासाठी जागरण आणि धाकट्याचं नावही माहीत नाही, असा तेव्हाचा प्रकार!

आणि हे शहर फुटबॉलमध्ये नवखं नाही. रोव्हर्स कप १८९१मध्ये इथे सुरू झाला. कूपरेजवर मोहमेडन, मोहन बागान, ईस्ट बंगाल यायचे आणि गर्दी व्हायची. मफतलाल, ऑर्के मिल्स अशा कापड कंपन्यांच्या स्वतःच्या टीम होत्या. टाटा, एअर इंडियाच्या होत्या. नोकरी आणि फुटबॉल एकाच ठिकाणी मिळायचं. गिरण्यांचे भोंगे थांबले, तशा कंपन्यांच्या टीमही एकेक करून विरल्या. २००१ नंतर रोव्हर्स कपही झाला नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे देशातली सर्वोत्तम टीम मुंबईची होती. चार वर्षांनी, २०१०मध्ये ती बंद झाली. मग मुंबई एफसी होती, कूपरेजवर खेळायची. २०१७मध्ये आय-लीगमधून खाली घसरली आणि संपली.

म्हणून मला आशेचा हा विषय महत्त्वाचा वाटतो. या शहरात क्लब हरल्यामुळे बंद पडलेत असं नाही, महिंद्र तर जिंकत असताना बंद झाला. मालकाला एके दिवशी वाटलं की पुरे आता, आणि त्याला थांबवायला रस्त्यावर कुणी नव्हतं. कोलकात्यात मोहन बागान बंद करायचा विचार तरी कुणी करेल का? तिथे क्लबच्या मागे घराणी उभी आहेत. लांब कशाला, कोल्हापूरला जा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम खेळते तेव्हा अख्खी पेठ स्टँडमध्ये असते. तिथे टीम हरली तर लोक टीम सोडत नाहीत, उलट पुढच्या मॅचला जास्त मोठा ढोल घेऊन येतात.

आपल्याला हे शिकवायला कुणी कोल्हापूरहून यायला नको. मंडळ कसं चालतं, हे लालबाग-गिरगावच्या मुलांना जन्मतःच कळतं. वर्गणी, पावती पुस्तक, रात्रभर मांडव. एखाद्या वर्षी देखावा फसला म्हणून कुणी मंडळ बदलत नाही. आयएसएलची टीमही तशी आपली करून घ्यायची असेल तर तिच्या बऱ्या-वाईट वर्षांत सारखंच उभं राहावं लागेल. अंधेरीच्या स्टँडमध्ये वेस्ट कोस्ट ब्रिगेडची मुलं हे गेली कित्येक वर्षं करतायत. ड्रम त्यांचे, बॅनर त्यांचे, घसाही त्यांचाच. त्यांना जरा जोड द्यायला काय हरकत आहे?

‘ही कसली मुंबईची टीम?’

हा प्रश्न तुम्ही विचारणार, मला माहितीय. २०२४मध्ये मालक अबूधाबीचा, कोच परदेशी, छांगते मिझोरामचा, लाचेनपा सिक्कीमचा, मेहताब पंजाबचा. मुंबईचा भेके होता, तोही गेला. ‘आमची सिटी’ असं मराठीत लिहायचं, पण ‘आमची’ कुठल्या अर्थाने?

यातला अर्धा आक्षेप मला मान्य आहे. आपल्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांपैकी जास्त जणांना या जर्सीत बघायला मिळायला हवं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, म्हणजे आपल्या मातीत पोरं नाहीत असं नाही. क्लबने हे काम वाढवावं, ही मागणी फॅननी सतत करत राहिली पाहिजे. आणि ती मागणी भरलेल्या स्टँडमधून झाली तर ऐकू जाते.

पण उरलेला अर्धा मला पटत नाही. या शहराच्या चाळी कुणी भरल्या? कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून, दक्षिणेतून आलेल्या माणसांनी. गिरणीत कामाला लागला तो दोन पावसाळ्यांत मुंबईकर झाला, त्याला कुणी जन्मदाखला मागितला नाही. बिपिन २०१८मध्ये या क्लबमध्ये आला, दोन फायनल जिंकून देणारे गोल त्याने केलेत. हा मुंबईकर नाही तर कोण?

हरलो तर?

हरूही. त्या पहिल्या शुक्रवारीच हरू शकलो असतो. पहिल्या मॅचला सॉल्ट लेकवर बागानसमोर, नवी मधली फळी घेऊन, निकाल काहीही लागू शकला असता. नव्या टीमला सूर सापडायला पाच-सहा मॅच लागतात. तेवढ्यात समाजमाध्यमांवर ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ची लाट येईल. तेव्हा दोन गोष्टी आठवा. एक, २०२०-२१ ते २०२३-२४ या चार सीझनमध्ये या क्लबने चार ट्रॉफ्या जिंकल्या, दोन शील्ड आणि दोन कप. दुसरी, ज्या २०२१-२२च्या सीझनला सगळे घाबरतात, त्याच्या पुढच्याच सीझनमध्ये याच क्लबने २० मॅचमध्ये ५४ गोल केले, सलग १८ मॅच हरले नाहीत आणि शील्ड जिंकली. या क्लबला पडल्यावर उठायची सवय आहे.

आणि खरं सांगू? २०२४मध्ये भारतीय फुटबॉलमध्ये आनंद शोधावाच लागत होता. २०२४च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादला सीरियाने आपल्याला ३-० हरवलं. छेत्रीनंतर कोण, याचं उत्तर राष्ट्रीय संघाला तेव्हा मिळालेलं नव्हतं. अशा वेळी ज्या शहरात देशातला सगळ्यात भारी विंगर खेळत होता, त्या शहरातल्या मुलांनी तोंड पाडून बसायचं, हे काही बरोबर नव्हतं.

मग करायचं काय?

त्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मॅच होती, जिओसिनेमावर फुकट दिसणार होती. मंडळात ड्युटी असेल तर मांडवामागे एक मोबाइल स्टँडला लावा, चार जण आपोआप जमतील. ऑफसाइड कळत नसलेल्या काकांनाही बसवा, ते सगळ्यात जास्त ओरडतात.

पण माझा खरा आग्रह पुढच्या तारखेसाठी होता. २ ऑक्टोबर २०२४, बुधवार, गांधी जयंतीची सुट्टी. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात त्या सीझनची पहिली घरची मॅच. समोर कोण माहितीय? बेंगळुरू. म्हणजे भेके, डियाझ, नोगेरा, तिघंही आपल्याच मैदानावर, पण दुसऱ्या बाजूला. त्यांना टाळ्या द्यायच्या की शिट्ट्या, ते तुम्ही ठरवायचं होतं. मी भेकेला टाळ्या देणार होते, मॅच सुरू व्हायच्या आधी. नंतर नाही.

‘अंधेरी लांब पडतं’ हे कारण सांगू नका. गिरगावकरांनी चर्नी रोडला स्लो पकडायची, दादरकरांना तर फास्ट आहेच, लालबागकरांनी करी रोडवरून चालत लोअर परळ गाठायचं. अंधेरीला उतरून मेट्रोने आझाद नगर, तिथून स्टेडियम जवळच. मॅच साडेनऊच्या आसपास संपते, परतीला लोकल असतेच. एका मित्राला घेऊन या, शक्यतो ज्याने कधीच लाइव्ह मॅच बघितली नाही असा. आणि जरा लवकर या, आकाशी टीशर्ट घालून. नसेल तर कुठलाही निळा चालेल.